चढावरची लाडकी

दोष शोधून काढणं हा माझा धंदा आहे. औषधांच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात काम करते. बाटलीतलं औषध जरा गढूळ दिसलं की ते पाण्यामुळे, काचेमुळे की बुचामुळे, हे मी शोधते. आणि सापडतंच! पद्धत साधी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं, आणि काय होतं ते शांतपणे बघायचं. या पद्धतीपुढे भलेभले दोष शरण येतात, तिथे एका जुन्या गाडीची काय कथा!

हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर, सासू-सासऱ्यांसमोर, मोठ्यांदा बोलले. एरवी मी फार कमी बोलते. तशीच राहिले असते तर बरं झालं असतं.

गाडी माझ्या सासऱ्यांची. दोन माणसांपुरती, बुटकी, लांब नाकाची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. ती नवी होती तेव्हा लोक म्हणे रस्त्यात थांबून तिच्याकडे बघायचे. अजूनही बघतात, पण ढकलायला आपल्याला बोलावतील का, या काळजीने! घरात तिचं नाव 'लाडकी'. ते सासूबाईंनी ठेवलं आहे आणि त्या ते असं उच्चारतात की जवळपास दूध असेल तर फाटावं.

"लोकांच्या नवऱ्या गाडीत बसून सासरी येतात," मी या घरात आले त्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं होतं, "मी गाडी ढकलत आले!"

बाबा, म्हणजे माझे सासरे, यावर जिन्याकडे चालू लागतात. निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी जिना उतरून गॅरेजात जातात, लाडकीत बसतात, पेपर वाचतात आणि वर येतात. इतकंच. कुठे जात नाहीत. पण ज्या दिवशी पाहुण्यांमुळे हा पेपर चुकतो, त्या दिवशी ते जेवणात मीठ कमी आहे म्हणतात, आणि मीठ अगदी बरोबर असतं.

तर लाडकीला नवा आजार झाला होता. सुरू झकास व्हायची. थोडं अंतर लोण्यासारखी जायची. मग उचक्या लागायच्या. मग मान टाकायची! रस्त्याच्या कडेला तोंड लपवून जरा वेळ बसलं की पुन्हा टुणटुणीत. गल्लीतल्या मेकॅनिकने निदान केलं, "मॅडम, इंजिनला पेट्रोल पोचत नाही. टाकीपासून इंजिनपर्यंतच्या वाटेत कुठेतरी अडतंय. कुठे, ते देव जाणे."

लाडकीने शेवटची मान टाकली ती भर चौकात. चालवत होते मी, कारण बाबांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. शेजारी होत्या सासूबाई. मागे होती एक बस, आणि बसमध्ये होता सासूबाईंच्या योगवर्गातला निम्मा वर्ग! खिडकीतून कुणीतरी विचारलं, "काय हो, आज वॉर्म-अप इथेच का?"

सासूबाई चालत घरी आल्या. चपला काढायच्या आधी त्यांनी भंगारवाल्याला फोन लावला. आणि रात्री जेवताना निकाल सुनावला.

"शनिवारी मी धाकटीकडे, माझ्या बहिणीकडे जाणार आहे. तिच्या टेकडीवरच्या नव्या घरी. लाडकीतूनच जाणार! वाटेत इंजिन एकदाही बंद पडलं नाही, तर जन्मात पुन्हा तिच्याबद्दल अवाक्षर काढणार नाही. बंद पडलं, तर जिथे पडेल तिथूनच ती भंगारात जाईल. तो माणूस आपली गाडी घेऊन मागोमागच येणार आहे."

"मागोमाग?" बाबा म्हणाले.

"दोरी घेऊन."

बाबांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ऑपरेशनच्या खोलीबाहेर नातेवाईक डॉक्टरकडे बघतात ना, तसं! त्या नजरेपुढे माझा तोल गेला, आणि सुरुवातीला सांगितलं ते सगळं मी बोलून बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामाला लागले. आमचं गॅरेज स्वयंपाकघराच्या बरोबर खाली आहे. पेट्रोलचा वास खिडकीतून वर येतो, ही सासूबाईंची फार जुनी तक्रार. अलीकडे मात्र त्यांनी ती सोडून दिली होती. मला वाटलं, वयानुसार माणूस मवाळ होतो.

प्रयोगाची आखणी अशी. लाडकीला मैदानाभोवती फिरवत राहायचं. उचकी लागली की थांबायचं. मग आधी टाकीत किती पेट्रोल आहे ते मोजायचं, कारण लाडकीचा काटा कायमचा 'भरलेली' दाखवतो. मग एकच भाग बदलायचा आणि पुन्हा फिरवायचं. मोजायला मी सासूबाईंची विणकामाची सुई घेतली. टाकीचं झाकण सीटच्या पाठीमागेच, वरच्या पत्र्यात आहे. ते उघडायचं, सुई सरळ आत सोडायची, किती भिजली ते बघायचं, आणि झाकण पुन्हा गच्च लावायचं. झाकण बसायचंही फार सुरेख! आतलं रबर नवंकोरं होतं. मी मनात म्हटलंसुद्धा, या गाडीत निर्दोष अशी एवढी एकच वस्तू आहे.

पहिल्या संध्याकाळी उचकी लागली. मोजलं. फिल्टर बदलला. लाडकी हरणासारखी पळाली!

"सापडलं!" मी बाबांना सांगितलं. बाबांनी मला स्वतःच्या हाताने चहा करून दिला. साखर विसरले होते, पण मी तो सगळा प्यायले.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा उचकी. मोजलं. पेट्रोलची नळी बदलली. लाडकी पुन्हा हरीण!

"दोन दोष होते," मी म्हटलं.

पुढच्या संध्याकाळी पंप बदलला. गुण आला. त्याच्या पुढच्या संध्याकाळी कार्ब्युरेटर बदलला. गुण आला! मेकॅनिक डोकं खाजवत म्हणाला, "मॅडम, मी काहीही बसवलं तरी ही बरी होते. असा पेशंट नाही पाहिला."

"याचा अर्थ," मी त्याला शांतपणे समजावलं, "तिला एकाच वेळी चार आजार होते."

आता टाकीपासून इंजिनपर्यंत जुनं असं काही उरलंच नव्हतं. म्हणजे बिघडायलाही काही उरलं नव्हतं. हे गणित इतकं स्वच्छ होतं की शुक्रवारी मी लाडकीला हातही लावला नाही.

शनिवारी सकाळी भंगारवाला दारात हजर! माणूस अतिशय नम्र. बाबा त्याला 'यमदूत' म्हणत होते, पण तोंडावर नाही. त्याने लाडकीभोवती एक फेरी मारली, तिच्या नाकावर बोटाने टिचकी मारली आणि बाबांना म्हणाला, "पत्रा जाड आहे, काका. फार चांगल्या हाताने वापरलीत."

जणू ती गेलीच! बाबा आत गेले आणि खिडकीत येऊन बसले. पेपर हातात होता, पण उलटा.

"माझी सुई कुठाय?" सासूबाईंनी विचारलं.

"द्यायचीच होती. फक्त एकदा पेट्रोल मोजते आणि..."

"आण इकडे! तुझ्या पेट्रोलच्या सुईने विणलेली लोकर हुंगली की चक्कर येते मला. धाकटीला मी स्वेटर विणतेय, पेट्रोल पंप नाही." सुई त्यांच्या पिशवीत गेली, शेजारी चहाचा थर्मास. मग त्या राणीसारख्या लाडकीत बसल्या. हातात पिशवी, चेहऱ्यावर निकाल लागलेल्या खटल्याची शांतता.

मोजणं राहिलं. म्हणजे झाकण उघडायचंही राहिलं. ही गोष्ट मला तेव्हा अजिबात महत्त्वाची वाटली नाही.

सपाट रस्त्यावर लाडकी गात होती! चौकातला सिग्नल लाल होता, तिथेही इंजिन नीट चालू राहिलं. आरशात यमदूताच्या ट्रकचं तोंड दिसत होतं. मी हात हलवला. त्यानेही हलवला.

"बरी चाललीय की," सासूबाई जरा निराश होऊन म्हणाल्या.

"चालणारच, आई. शास्त्र आहे ते."

आणि टेकडीचा चढ लागला.

हा रस्ता म्हणजे जिलबीचा चुलत भाऊ शोभेल असा. एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा, थांबायला जागा नाही. दुसऱ्या वळणावर मला पायाखाली काहीतरी जाणवलं. इतकं बारीक की दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

उचक!

"काय झालं?" सासूबाई.

"खड्डा होता."

"मला नाही दिसला."

उचक! उचक!

"हे दोन कुठले?"

मी गिअर खाली घेतला. लाडकी कण्हली आणि पुढे सरकली. सगळं नवं होतं! फिल्टर नवा, नळी नवी, पंप नवा, कार्ब्युरेटर नवा! आरशात यमदूत दिसला. त्याने दिवे दोनदा उघडझाप केले. मग एक हात खिडकीबाहेर काढला. त्या हातात दोरी होती, आणि ती तो अगदी प्रेमाने उलगडत होता.

मला खिडकीतला तो उलटा पेपर आठवला. उद्या सकाळी बाबा जिना उतरून गॅरेजात जातील, आणि तिथे नुसता तेलाचा डाग असेल.

"आई, एक काम करा, जरा पुढे वाका, वजन पुढे..."

"मी कशाला वाकू? थांबतेय तर थांबू दे." त्या आणखी ऐसपैस टेकून बसल्या. "उगाच छळू नकोस बिचारीला. आता थांबणारच आहोत, तर मी चहा घेते."

आणि त्यांनी थर्मासचं झाकण फिरवलं.

फुस्स!

तुम्ही आयुष्यात कधी एखादा आवाज ऐकून पांढरे पडला आहात का? मी पडले. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. या आठवड्यात दर संध्याकाळी मी तो ऐकला होता. उचकी लागल्यावर, भाग बदलायच्या आधी, मोजण्यासाठी टाकीचं झाकण उघडताना. फुस्स! दर वेळी! आणि मी तो सोडून दिला होता, कारण मी पेट्रोल मोजत होते, आवाज नाही.

एका बाटलीला तोंड लावून पाणी ओढत राहा. बाटली आत चेपत जाते, ओठ धरून ठेवते आणि शेवटी एक थेंब देत नाही. का? आत हवा जायला वाट नाही म्हणून! लाडकीचं तेच झालं होतं. टाकीत हवाच जात नव्हती. मी झाकण उघडलं की हवा जायची आणि ती बरी व्हायची. आणि श्रेय घ्यायचा फिल्टर. मग नळी. मग पंप. एका वेळी एकच गोष्ट बदलतेय असं म्हणत मी दर वेळी दोन बदलल्या होत्या!

उचक! उचक! उचक!

"आई! मागचं झाकण उघडा!"

"कसलं?"

"टाकीचं! तुमच्या पाठीमागे आहे! हवा जात नाहीये आत! त्याला एक बारीक भोक असतं, ते बहुतेक..."

"ते होय," सासूबाई चहात फुंकर मारत म्हणाल्या, "ते मी बुजवलं."

स्टिअरिंग माझ्या हातातून सुटता सुटता राहिलं. "तुम्ही?"

"वास यायचा मेला! सगळा वर, स्वयंपाकघरात! मग मी भोकात मेण भरलं, आणि आतून काचेच्या बरणीचं नवं रबर बसवलं. अगदी मापात आलं. आता येतो का वास? बघ तूच."

मी ते रबर रोज पाहत होते. मी त्या रबराचं मनातल्या मनात कौतुक केलं होतं!

"आई, उघडा ना! पाया पडते!"

"का उघडू?" त्यांनी शांतपणे घोट घेतला. "बंद पडली तर मी जिंकते."

मुद्दा बिनतोड होता. लाडकी आता चालत नव्हती, नुसत्या सवयीने पुढे सरकत होती. यमदूत इतका जवळ आला की त्याच्या ट्रकच्या रेडिओवरच्या बातम्या मला ऐकू यायला लागल्या.

तेवढ्यात वळण संपलं आणि वर, अगदी समोर, धाकट्या मावशींची इमारत दिसली. गॅलरीत मावशी उभ्या होत्या. एकट्या नव्हत्या. शेजारच्या दोघीतिघींना घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्या हातात दुर्बीण होती! नव्या घरातून केवढं लांबचं दिसतं हे दाखवायला त्यांनी ती मुद्दाम घेतली होती.

सासूबाईंचा कप हवेत थांबला.

"आई," मी म्हटलं. "इथे बंद पडली तर तुम्ही जिंकाल. पण मग वर जाणार कशा? दोरीने! त्या ट्रकला बांधून. दुर्बिणीसमोरून."

एक उचकी भरभरून लागली. कपातला चहा कठड्यापलीकडे गेला.

"दोरीने? मला?" सासूबाई म्हणाल्या. "तिच्यासमोर? सात जन्म बोलून दाखवेल ती! धर!"

थर्मास माझ्या मांडीवर आला. आणि माझ्या सासूबाई, ज्या पायाखालचा खसखशीचा दाणा ओलांडायलाही कुणाचा तरी हात धरतात, त्या सरकन सीटवर गुडघे टेकून मागे वळल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी झाकण धरलं. हे कुणीही करू नये. मी गाडी गोगलगायीच्या वेगाने नेत होते म्हणून निभावलं.

"फिरत नाही गं! कुणी एवढं आवळलंय?"

मीच! शिस्त म्हणून! पण ही कबुली द्यायची ती वेळ नव्हती. "डावीकडे, आई! बरणीसारखं! दम लावा!"

इंजिनचा आवाज बारीक झाला. आणखी बारीक. मागून यमदूताने आदबीने हॉर्न वाजवला, 'येऊ का?' अशा सुरात.

"मेल्या, थांब तिथेच!" सासूबाई त्याच्या तोंडावर ओरडल्या आणि त्या रागाने त्यांनी झाकणाला असा हिसका दिला की...

फुस्स्स्स्स!

लाडकीने एक खोल श्वास घेतला. खरंच, मला तो पाठीत जाणवला! मग तिने अशी डरकाळी फोडली की कठड्यावरचे कावळे उडाले, आणि आम्ही निघालो!

"लावू का परत?" सासूबाई ओरडल्या.

"नुसतं टेकवून धरा! घट्ट नको! वर पोचेपर्यंत हात काढू नका!"

म्हणून आमचं आगमन असं झालं. पुढे तोंड करून मी, मांडीवर थर्मास. मागे तोंड करून गुडघ्यांवर सासूबाई, दोन्ही हात झाकणावर, नजर थेट यमदूताच्या नजरेत. तो उरलेला सगळा चढ त्यांनी त्या माणसाकडे एकटक बघत काढला. नंतर तो मला म्हणाला, "ताई, आजवर इतक्या गाड्या उचलल्या, पण अशी भीती नाही वाटली कधी."

इमारतीच्या दारात मी इंजिन माझ्या हाताने बंद केलं. मावशी दुर्बिणीसकट धावत खाली आल्या.

"ताई! अगं, उलटी का बसलीस?"

सासूबाई सावकाश खाली उतरल्या. केस नीट केले. "मागचं दृश्य फार छान दिसतं," त्या म्हणाल्या. "तुझ्या गॅलरीतून दिसत नसेल ते."

मावशी गप्प झाल्या. ही घटना त्या घराण्यात प्रथमच घडली म्हणतात.

परतीच्या वाटेवर आमचा करार झाला. "रबराचं यांच्याजवळ बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या, "आणि मी तुझ्या पंपाबिंपाचं बोलणार नाही." मी लगेच होकार दिला. यमदूतालाही रिकामं पाठवलं नाही. मी काढून ठेवलेले सगळे जुने भाग त्याने नेले. फिल्टर, नळी, पंप, कार्ब्युरेटर. सगळे ठणठणीत!

बाबा फाटकात उभे होते. कुबडी खिडकीतच राहिली होती.

"बंद पडली?" त्यांनी विचारलं.

"कशी पडेल?" सासूबाई म्हणाल्या. "मी होते ना!"

बाबांनी लाडकीच्या नाकावर, यमदूताने टिचकी मारली होती बरोबर तिथे, रुमाल फिरवला. मग पेपर घेतला आणि भर दुपारी गॅरेजात जाऊन बसले. त्या दिवशी जेवणात मीठ खरोखरच जास्त होतं. ते काही बोलले नाहीत.

संध्याकाळी मी टाचणीने झाकणातलं मेण काढलं आणि रबर बरणीला परत दिलं. आता लाडकी अगदी नीट चालते. हे मी सासूबाईंना सांगणार होते. खरंच सांगणार होते! पण दर शनिवारी त्या स्वतःहून शेजारी येऊन बसतात. धाकटीकडे जायचं असतं. चढ लागला की पिशवी माझ्याकडे देतात, मागे वळतात, झाकण सैल करतात आणि विचारतात, "आला ना आवाज?"

आवाज येत नाही. यायचं काही कारणच उरलेलं नाही.

मी तपासणी विभागात काम करते. जे दिसलं-ऐकलं तेच सांगायचं, हा माझा धंदा आहे.

"आला, आई," मी म्हणते. "चांगला मोठा आला."